आवाज बारीक झाला की समजावं, ती जवळ आली

उरल्यात रात्र कधी शांत नसते. रायपूरच्या उत्तरेला, बिरगावला लागून पसरलेली ही औद्योगिक वसाहत लोखंडावर जगते. रोलिंग मिलची धडधड, भट्टीचा घुमारा, सळयांनी लादलेल्या ट्रेलरचे ब्रेक, सगळं इतकं अंगवळणी पडलेलं की पाहुणे आले तरच त्याची आठवण होते. इथल्या बायकांना आवाजाने जाग येत नाही, आवाज थांबला की येते. मध्यरात्री मिल गप्प झाली की मी उठून बसते. घरातलं माणूस रात्रपाळीला असेल तर मोबाईल हातात घेते, आणि धडधड पुन्हा सुरू होईपर्यंत आडवी होत नाही. गल्लीतल्या आणखी दोन-तीन खिडक्यांत त्याच वेळी दिवे लागलेले दिसतात.

म्हणून फिलिपिन्समधली एक समजूत पहिल्यांदा कानावर आली तेव्हा ती मला कुणी उलगडून सांगायची गरज पडली नाही. तिथल्या खेड्यांत रात्री ‘टिक-टिक, टिक-टिक’ असा आवाज आला की आस्वांग हिंडते आहे असं मानतात. आवाज मोठा असेल तर घाबरू नये, ती लांब आहे. आवाज बारीक होत गेला की समजावं, ती जवळ आली. आणि आवाज बंदच झाला तर ती छपरावर आहे. जगभरच्या भयपटांत भूत जवळ येताना संगीत चढत जातं. या समजुतीत ते उतरत जातं. फिलिपिनो भयपट पाहताना मी हीच कसोटी आधी लावते: दिग्दर्शकाला आपल्याच गावची ही उलटी गोष्ट आठवली आहे का, की त्यानेही बाहेरून आणलेला ढोल बडवला आहे?

गेल्या थंडीत मुलगा सुट्टीवर आला होता. लॅपटॉपवर त्याने ‘यांगाव’ लावला. रिचर्ड सोमेस यांचा २००८ सालचा चित्रपट, मनिलाच्या तागालोग भाषेत नव्हे तर हिलिगायनोन भाषेत बोलणारा. शेजारच्या खोलीतली बाईही पाहायला बसली. तिला इथे सगळे ‘नोनी के दाई’ म्हणतात, नोनीची आई. ती बलौदाबाजारकडच्या गावची. इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नाहीत, म्हणून मी अधूनमधून हिंदीत सांगत होते. गोष्ट साधी आहे. परगावी गेलेली मुलगी, अमोर, आजारी होऊन घरी परतते. औषध लागू पडत नाही, वैदूचा उपाय चालत नाही. हळूहळू घरच्यांच्या लक्षात येतं की रात्री ती ती राहत नाही. शेजारपाजारी माणसं मरू लागतात आणि घर तोंड बंद ठेवून तिला आत डांबतं. ‘यांगाव’ हा शब्दच मुळी संसर्गाचा आहे: आस्वांगपणाची लागण. रॉनी लाझारो यांनी बापाचं काम केलं आहे. त्या बापाचा चेहरा पाहताना पडद्यावर रक्त आहे हे विसरायला होतं.

अर्ध्या तासाने नोनीची आई हळूच म्हणाली, “दीदी, ये तो टोनही आय.” टोनही म्हणजे इकडची चेटकीण.

आणि थोड्या वेळाने, “पर इसमें तो उसके बाप को भी दिखा रहे हैं.”

चित्रपट संपल्यावर मुलाने विचारलं, “आई, किती स्टार देशील?” मी काही बोलले नाही. मला त्या दुसऱ्या वाक्याने धरून ठेवलं होतं.

आस्वांग कोण, हे आधी नीट सांगते. ‘आस्वांग’ हे एका भुताचं नाव नाही, ती जात आहे. फिलिपिनो लोकसाहित्याचे अभ्यासक मॅक्सिमो रामोस यांनी तिचे पाच प्रकार लावले: रक्त शोषणारी, आतडी-गर्भ शोषणारी, कुत्रा वा डुक्कर होऊन फिरणारी, करणी करणारी चेटकीण आणि मुडदे खाणारी. यातली सर्वांत गाजलेली दुसरी, ‘मानानांगाल’. दिवसा ती तुमच्याआमच्यासारखी बाई, बहुधा देखणी. रात्री कमरेतून तिचे दोन भाग होतात. वरच्या अंगाला वटवाघळाचे पंख फुटतात आणि ते उडून जातं, खालचं अंग कुठेतरी झाडीत उभंच राहतं. गर्भार बाईच्या घरावर उतरायचं आणि छपराच्या फटीतून दोऱ्यासारखी बारीक जीभ खाली सोडायची, ही तिची रीत. उपाय स्वयंपाकघरातला आहे. त्या उभ्या राहिलेल्या खालच्या अंगावर मीठ, राख नाहीतर लसूण टाकायचा. सूर्य उगवायच्या आत तिला पुन्हा जुळता आलं नाही की ती संपली.

हे वाचताना आपल्याकडची अलवंतीण आठवल्याशिवाय राहत नाही. बाळंतपणात मेलेली बाई अलवंतीण होते आणि बाळंतिणीला धरते, असं आपल्या आज्या सांगत. दोन्हीकडे भीतीचं मूळ एकच आहे. बाळंतपणात बायका मरत, पोटातली मुलं जात, आणि का गेली हे सांगणारं कुणी नसे. पण एक फरक आहे. अलवंतीण मेलेली आहे. आस्वांग जिवंत आहे, गावातच राहते, तिला घर आहे, शेजार आहे. म्हणूनच नोनीच्या आईला ती अलवंतिणीसारखी किंवा हडळीसारखी वाटली नाही, टोनहीसारखी वाटली. छत्तीसगढची टोनहीसुद्धा जिवंत बाईच असते, बोट दाखवता येईल अशी.

श्रावणाच्या तोंडावर अमावास्येला इथे हरेली असते. नांगर-कुदळ धुऊन पुजतात, मुलं बांबूच्या गेड्यांवर चढून चिखलातून चालतात. त्याच दिवशी दारावर कडुनिंबाची डहाळी खोचतात आणि लोहार घरोघर जाऊन चौकटीत लोखंडी खिळा ठोकतो. ती रात्र टोनहीची मानतात. ज्या उरल्यात दिवसरात्र लोखंड वितळतं, सळया होऊन ट्रेलरवर चढतं, तिथल्या भाड्याच्या खोल्यांच्या चौकटींतही बोटभर लांबीचा हा खिळा सापडतो. आमच्या दाराला तीन आहेत. आधीच्या भाडेकरूंच्या तीन हरेल्या.

मीठ आणि राख तिकडे, निंब आणि लोखंड इकडे. पण यापुढे दोन्ही देशांची गोष्ट जिथे मिळते तो भाग भुताचा नाही, इतिहासाचा आहे. स्पॅनिश सत्ता फिलिपिन्समध्ये १५६५ साली रुजली. त्याआधी तिथल्या गावांत बाबायलान असत, बहुतेक बायका. रोग बरा करायचा, बाळंतपण करायचं, पेरणीचा दिवस काढायचा, मेलेल्यांशी बोलायचं, ही त्यांची कामं. १५८९ साली हुआन दे प्लासेन्सिया नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने तागालोग लोकांच्या चालीरीतींची नोंद केली. त्यात पूजा करणारी, करणी करणारी, शरीर वेगळं करून हिंडणारी आणि आस्वांग ही सगळी एका यादीत, सैतानाचे सेवक म्हणून मांडलेली आहेत. सुईण आणि चेटकीण एका ओळीत बसवल्या की पुढचं काम गाव आपोआप करतं. छत्तीसगढमध्येही टोनही ठरलेल्या बायकांत औषधपाणी जाणणाऱ्या आहेत, एकट्या राहणाऱ्या विधवा आहेत, आणि जिच्या नावावर दोन एकर आहेत अशाही आहेत.

आस्वांगच्या भीतीचा सर्वांत थंड डोक्याने केलेला वापर मात्र कुठल्या गावकऱ्याने केलेला नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिपिन्स सरकार हुक बंडखोरांशी लढत होतं. हे शेतकरी गनिम आधी जपान्यांशी लढलेले होते. सरकारच्या मदतीला अमेरिकेचा एडवर्ड लॅन्सडेल होता. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे की, बंडखोर ज्या टेकडीवर होते तिथे आस्वांग राहते अशी अफवा सरकारी माणसांनी आधी गावात सोडली. ती वर पोचायला दोन रात्री दिल्या. मग अंधारात बंडखोरांच्या गस्तीच्या तुकडीतला शेवटचा माणूस अलगद उचलला, मानेला दोन भोकं पाडली, त्याला उलटं टांगून अंगातलं रक्त निथळू दिलं आणि प्रेत वाटेवर आणून ठेवलं. सकाळी ते सापडल्यावर बंडखोरांनी टेकडी सोडली.

मी हे वाचलं तेव्हापासून आस्वांगचा कुठलाही चित्रपट पाहताना मला तो शेवटचा माणूस दिसतो. त्याला मारणाऱ्यांपैकी कुणाचीही जीभ दोऱ्यासारखी नव्हती.

आता चित्रपटांकडे येते. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ केला. फिलिपिन्सचे फाळके म्हणजे होसे नेपोमुसेनो. १९१९ साली त्यांनी पहिला चित्रपट केला आणि १९२७ सालीच ‘मानानांगाल’ पडद्यावर आणली. १९३३ मध्ये बोलपटाच्या अगदी पहिल्या पावलांतच ‘आंग आस्वांग’ आला. म्हणजे आपला सिनेमा पुराणातून निघाला, त्यांच्या सिनेमाने फार लवकर आजीच्या गोष्टीचं बोट धरलं. पुढे १९८४ साली ‘शेक, रॅटल अँड रोल’ निघाला. तीन दिग्दर्शकांच्या तीन गोष्टी एका तिकिटात. ही मालिका अजून चालू आहे, पंधराहून जास्त भाग झाले. ती पाहायची वेळही ठरलेली: नाताळ. २५ डिसेंबरपासून मेट्रो मनिला चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा तिथल्या चित्रपटगृहांत फक्त देशी चित्रपट लागतात, आणि मुलं नाताळात मिळालेले पैसे घेऊन मावश्या-काकांसोबत भूत पाहायला जातात. एकट्याने खोली बंद करून पाहायची गोष्ट नाही ती. तिथलं किंचाळणं सामुदायिक असतं आणि त्यात हसूही असतं. म्हणून मोबाईलवर, कानात इयरफोन घालून हे चित्रपट पाहणाऱ्याला मध्येच येणारा विनोद खटकतो. माझ्या मुलालाही खटकला होता.

त्या पहिल्या भागातली पेके गालागा यांची ‘मानानांगाल’ ही गोष्ट आजही पाहावी. एक आजी, घरातली लहान मुलं आणि तरुण नातू डग्लस. हर्बर्ट बाउतिस्ता यांनी तो केला, पुढे ते केसोन सिटीचे महापौर झाले. बाईचं खालचं अंग डग्लसच्या हाती लागतं, आणि मग रात्रभर वरचं अंग त्या घराला वेढा घालतं. बांबूच्या भिंती, गवती छप्पर, फटीच फटी. पैसा थोडा होता हे दिसतं, पंख लटके आहेत. पण घर खरं आहे. कुठली फट आजी आधी बुजवेल, हे ज्याने असं घर वापरलं आहे त्यालाच सुचेल. त्याच चित्रपटात इश्माएल बेर्नाल यांची ‘प्रिद्यिदेर’ ही गोष्ट आहे, माणसं खाणाऱ्या फ्रिजची. ‘प्रिद्यिदेर’ म्हणजे ‘फ्रिजिडेअर’. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत आलो तसं तिथे कंपनीचं नाव वस्तूचं नाव झालं. मध्यमवर्गी घरातली सर्वांत अभिमानाची वस्तू दार उघडून गिळायला येते, हे ज्याच्या घरी फ्रिज हप्त्याने आला त्याला आत कुठेतरी लागतं.

परक्या देशाचा भयपट पाहताना आपल्या हातून नेमकं हेच निसटतं. चितो रोन्यो यांच्या २००४ सालच्या ‘फेंग शुई’मध्ये नायिकेला बसमध्ये कुणाचं तरी विसरलेलं पुडकं मिळतं, त्यात आठ कोनांचा चिनी आरसा. तो आरसा घराला नशीब देतो, पण त्यात जो पाहील त्याचा जीव घेतो, आणि मरण येतं ते चिनी राशीच्या प्राण्याप्रमाणे. उंदराच्या वर्षातलं माणूस लेप्टोस्पायरोसिसने मरतं, कारण तो उंदराच्या मुताने होतो. सशाच्या वर्षातल्या माणसाला बस उडवते, आणि ती बस ‘रॅबिट’ कंपनीची. घोड्याच्या वर्षातलं माणूस ‘रेड हॉर्स’ बिअरच्या क्रेटवर पडून जातं. मनिलाच्या माणसाने ही बस रोज पाहिली आहे, ही बिअर घरी आणली आहे. थेटरात त्याचा श्वास अडकतो तो तिथे. आपण मात्र म्हणतो, “काय, बसखाली आला, एवढंच?” आणि एक स्टार कापतो.

उलट बाजूने पाहा. ‘तुंबाड’ २०१८ साली आला तेव्हा हस्तरला भुलवायला कणकेच्या बाहुल्या नेतात, ते दृश्य जगभर नावाजलं गेलं. पण मनिलातल्या प्रेक्षकाला ती बाहुली पिठाचीच दिसली असणार. ज्याने घरी कणकेचा दिवा केला आहे, श्राद्धाचे पिंड वळताना पाहिले आहेत, दृष्ट काढून काहीबाही ओवाळून टाकलं आहे, त्याच्या बोटांना त्या कणकेचा थंडपणा कळतो.

आणि कधीकधी मुळीच भाषांतर लागत नाही. ‘सुकोब’ हा चितो रोन्यो यांचाच २००६ सालचा चित्रपट. सख्ख्या भावंडांनी एकाच वर्षात लग्न करू नये, घरात मरण झालं त्या वर्षात करू नये, ही तिथली समजूत, तिचं नाव सुकोब. माझ्या सासूबाईंना मी ही गोष्ट सांगितली तर त्या म्हणाल्या, “मग बरोबरच आहे त्यांचं.” आपल्याकडे सख्ख्या बहिणींची लग्नं सहा महिन्यांच्या आत करत नाहीत. वर्षाच्या आत कार्य नको, हे वाक्य ज्या घरात उच्चारलं गेलं नाही असं मराठी घर मला माहीत नाही. तसंच ‘पागपाग’. म्हणजे झटकणं. मयताच्या घरून सरळ आपल्या घरी यायचं नाही, वाटेत कुठेतरी थांबायचं, म्हणजे मेलेल्याचा जीव पाठोपाठ येत नाही. त्या नावाचा चित्रपट २०१३ साली आला. आमच्या वर्ध्याकडे मयताहून परस्पर दुसऱ्याच्या घरी पाऊल टाकत नाहीत, दारात निंबाचं पान चावतात, आंघोळ करून मगच आत. त्यांनी वाटेत थांबायचं, आपण दारात थांबायचं. हे कळलं की चित्रपटातली पोरं मयताहून बेफिकीर निघतात तेव्हा पुढचं काही घडायच्या आधीच पाठीला काटा येतो.

आता निवाड्याचं. माझ्या मते फिलिपिनो भयपटांतला सर्वांत मोठा अजूनही ‘इतिम’ आहे, माइक दे लिओन यांचा १९७६ सालचा पहिला चित्रपट. इतिम म्हणजे काळा. इस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आहे, एक तरुण छायाचित्रकार गावी बापाकडे आला आहे. बाप डॉक्टर, पण आता लुळा होऊन चाकाच्या खुर्चीत, बोलता येत नाही. गावात तेरेसा नावाची मुलगी आहे, तिची बहीण रोसा नाहीशी झालेली. भूत जवळजवळ दिसतच नाही. घड्याळाची टिकटिक, जुन्या लाकडी घराच्या कुरकुरणाऱ्या फळ्या, प्रार्थनेचा एकसुरी आवाज. आवाज बारीक होत जातो. अखेर रोसा तेरेसाच्या तोंडून बोलते तेव्हा बोट त्या खुर्चीकडे वळतं. ज्याला बोलता येत नाही त्याने एकेकाळी कुणाला बोलू दिलं नव्हतं, हे कळतं. २०२२ साली नीट करून घेतलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, म्हणून आता ती पाहायला मिळण्याची शक्यता वाढली आहे.

तेरेसा झालेल्या चारो सांतोस यांचा तो पहिलाच चित्रपट. चाळीसेक वर्षांनी त्या मिखाइल रेड यांच्या ‘ईरी’मध्ये मुलींच्या कॉन्व्हेंट शाळेच्या करड्या मुख्याध्यापिका झाल्या. हा चित्रपट नेटफ्लिक्समुळे आपल्याकडेही बराच पाहिला गेला. मुलाला तो आवडला, मला अर्धा आवडला. शाळेतली एक मुलगी जीव देते, वर्षांनंतरही तिचा आत्मा तिथे आहे, आणि एक समुपदेशक तिचं ऐकायचा प्रयत्न करते. विषय मोलाचा आहे. लांबलचक पडव्या, मुलींचं स्वच्छतागृह, अंधार, सगळं जमलेलं. पण दर दहा मिनिटांनी कानठळ्या बसवणारा आवाज करून दचकवलं जातं. मेलेल्या पोरीचं म्हणणं ऐका असं सांगणारा चित्रपट स्वतःच आपल्याला ऐकू देत नाही. दचकणं आणि भिणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रॉकेल संपलेल्या स्टोव्हचा भपकाही दचकवतो.

एरिक मात्ती यांच्या ‘तिकतिक’ची (२०१२) गंमत वेगळी आहे. सगळा चित्रपट हिरव्या पडद्यापुढे चित्रित झाला, गावही संगणकाने रंगवलेलं. गर्भार प्रेयसीला वाचवायला नायक स्टिंगरे माशाच्या शेपटीचा चाबूक वापरतो, लसणाच्या चवीचं नमकीनही कामी येतं. हे सगळं मनापासून रंगवलं आहे आणि पाहायला मजा येते. पण इथे आस्वांग म्हणजे चिरडायची झुंड आहे. तिच्या बापाच्या जागी आपल्याला कुणी उभं करत नाही. पडद्याबाहेर मात्र पनाय बेटावरच्या कापिस प्रांताचा माणूस मनिलात गेला की आजही त्याला लोक पहिल्यांदा आस्वांगबद्दलच विचारतात. याच पनायमध्ये लुबाग नावाचा आनुवंशिक आजार आढळतो. अंग पिळवटतं, मान वळते, जीभ बाहेर येते, चाल बदलते. तो मुख्यतः पुरुषांना होतो. १९७०च्या दशकात डॉक्टरांनी त्याचं रीतसर वर्णन केलं. आस्वांगच्या कथांना या आजाराने खतपाणी मिळालं असावं, असं काही अभ्यासक मानतात. ‘तिकतिक’ पाहून थेटराबाहेर पडलेल्या पोरांना वाटेत असा माणूस दिसला तर ती काय म्हणतील, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून मी स्टार देत नाही, बोट पाहते. चित्रपट कुणाकडे बोट दाखवतो? ‘सुकोब’च्या शेवटी कळतं की त्या दोन नवऱ्या मुली एकाच बापाच्या आहेत, आणि तो दोन घरं लपवून जगला. शाप लग्नाच्या तारखेला नव्हता. आपल्या विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’मध्ये (२०१७) उसाच्या फडातली भुतं लहान मुलं आहेत, आणि गर्भार नायिकेच्या जिवावर उठलेली आहेत ती जिवंत माणसं, मुलगी नको म्हणणारी. केनेथ दागातान यांच्या ‘इन माय मदर्स स्किन’मध्ये (२०२३) साल १९४५ आहे, जपानी सैन्य हरत आलंय, उपाशी घरात आई मरणाला टेकली आहे. जंगलातली परी चर्चमधल्या मूर्तीसारखे झगमगीत कपडे घालून लहान मुलीला मदत देऊ करते. भूक इतकी असताना कुणीही तो हात धरला असता, एवढं दिग्दर्शकाला माहीत आहे. या तिन्ही चित्रपटांत भीती ओसरत नाही, जागा बदलते. आणि ‘यांगाव’मध्ये तर बोट दाखवायला जागाच नाही. जिच्याकडे गाव कोयते घेऊन येणार ती कुणाची तरी मुलगी आहे, आणि आपण तिच्या बापाबरोबर दाराच्या आत उभे आहोत.

उरल्यात बसून असा हिशेब करणं भाग आहे. २००५ साली छत्तीसगढला टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला. एखाद्या बाईला नुसतं ‘टोनही’ ठरवलं तरी तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, त्यावरून छळ केला तर पाच वर्षांपर्यंत. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र आणि त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती कित्येक वर्षं खेड्यापाड्यांत जाऊन एकच गोष्ट सांगते आहे, की टोनही नावाची बाई कुठेही नसते. हरेलीच्या रात्री ते गावांतून फिरतात, स्मशानाकडेही जातात. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, मग वटहुकूम निघाला आणि त्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा मुलखात भुताची गोष्ट सांगूच नये असं मी म्हणणार नाही. नारायण धारप वाचून मी मोठी झाले. त्यांची ‘आजी’ वाचल्यावर आमच्या खऱ्या आजीच्या खोलीत पाणी न्यायला मला कितीतरी दिवस भीती वाटे. भीतीची गोष्ट हवीच. गावाला घाबरवायला ती उपयोगी पडते, तशी ज्याला गाव घाबरतं त्याच्या घरात आपल्याला नेऊन बसवायलाही तीच उपयोगी पडते.

यंदाच्या हरेलीला नोनीच्या आईने आमच्याही दारावर निंबाची डहाळी खोचली. मी काढली नाही, हिरवी छान दिसत होती. खिळा मात्र नको म्हटलं, ती हसली. मग उंबऱ्यावर टेकली आणि एकदम म्हणाली, “दीदी, वो पिच्चर वाली लड़की का नाम क्या था?”

“अमोर.”

तिने ते नाव दोनदा घोळवून पाहिलं. मग सांगू लागली. ती लहान असताना त्यांच्या गावात तळ्याच्या पलीकडे एक म्हातारी राहायची. पोरांना तिकडे जायची बंदी होती. तिने दिलेली बोरं आईने नोनीच्या आईच्या मुठीतून काढून फेकली होती. एका पावसाळ्यात गावातली तीन वासरं मेली, त्यानंतर ती म्हातारी तिथे दिसली नाही. कुठे गेली हे घरी कुणी बोललं नाही.

“तिचं नाव काय होतं?” मी विचारलं.

ती तळ्याकडे बघावं तशी समोरच्या गोदामाच्या भिंतीकडे बघत राहिली. सगळे टोनहीच म्हणायचे, ती म्हणाली. काहीतरी बाईच होतं शेवटी, फूलबाई, की फुलकुंवर. बराच वेळ ती ओठांतल्या ओठांत नावं जुळवून पाहत होती. मिलची पाळी बदलायची वेळ झाली होती, भोंगा वाजला, तरी ती उठली नाही.